हिवतापाच्या संशोधनात यायचे तर आधी स्लाइड वाचता यायला हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २० ऑगस्टच्या आसपास वृत्तपत्रांत रोनाल्ड रॉसची आठवण निघते. १८९७ साली सिकंदराबादेत त्याने डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाच्या परोपजीवीच्या गाठी पाहिल्या, हे विद्यार्थी वाचतात आणि त्यांतले काही जण विचारतात, 'आम्हाला यात काम करायचं असेल तर काय करायचं?' करिअरच्या पानांवर याचे उत्तर सहसा दोन ओळींत उरकलेले असते : एमबीबीएस करा, नाहीतर परदेशी पीएच.डी.ला जा. तिसरे उत्तर अनेकदा वर्गातच मिळते : 'मलेरिया संपत आला, आता त्यात काय राहिलंय?' या तिसऱ्या उत्तराने सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून आधी त्याविषयी.

हिवताप 'संपत आला' असे आपण याआधी एकदा म्हणून बसलो आहोत. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचा निर्मूलन कार्यक्रम झाला आणि १९६१ पर्यंत देशातले रुग्ण ५० हजारांच्या आसपास आले. मग डीडीटीचा तुटवडा पडला, डास कीटकनाशकांना दाद देईनासे झाले, देखरेख ढिली पडली. १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली होती. दिल्लीत मलेरिया रिसर्च सेंटर, म्हणजे आजची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था, स्थापन झाली ती त्याच्या पुढच्या वर्षी. श्रीलंकेत १९६३ मध्ये फक्त १७ रुग्ण उरले होते, आणि त्याच दशकाच्या शेवटी तिथे लाखोंची साथ आली. आता देशाने निर्मूलनासाठी २०३० चे उद्दिष्ट ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळायला सलग तीन वर्षे स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण असता कामा नये. शेवटचे रुग्ण शोधणे हे पहिल्या लाखांपेक्षा अवघड काम आहे. रक्तात परोपजीवी फारच थोडे असतील तर ते रॅपिड किटवर उमटत नाहीत आणि सूक्ष्मदर्शकातूनही सुटतात. व्हायवॅक्स ही परोपजीवीची एक जात तर यकृतात महिनोन्‌महिने निपचित पडून राहते आणि पुन्हा ताप आणते. शिवाय हजारो स्लाइडमध्ये एखादीच पॉझिटिव्ह निघू लागली की तपासणाऱ्याचा हात आणि डोळा दोन्ही मंदावतात. म्हणजे रोग कमी होतो तशी कसबी माणसांची गरज वाढत जाते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे दोन वेगळे हिवताप आहेत. गडचिरोलीत, विशेषतः भामरागड-एटापल्लीच्या जंगलपट्ट्यात, फाल्सिपेरम ही परोपजीवीची दुसरी जात जास्त. तिथे ओढ्या-नाल्यांत वाढणारे क्युलिसिफेसिज आणि फ्लुव्हिएटिलिस हे अ‍ॅनोफिलिस डास. मुंबईत आणि गोव्यातल्या बांधकामांवर मात्र स्टेफेन्साय हा शहरी डास, जो गच्चीवरच्या टाकीत, विहिरीत आणि स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात वाढतो. हाच स्टेफेन्साय २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूतीला आढळला आणि नंतर इथिओपियातही पोचला. तिथला हिवताप मुख्यतः खेड्यांचा, त्यामुळे टाक्यांमधल्या डासाशी त्या देशांची ओळख नव्हती. आपली ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, म्हणून मुंबई-गोव्यात शिकलेल्या कीटकशास्त्रज्ञाच्या कामाला बाहेरही मागणी आहे. आणि आर-२१ ही लस, जिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली, तिचे उत्पादन पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूट करते.

आता मार्गाविषयी. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायन यांपैकी कोणतीही बी.एस्सी. चालते, एमबीबीएस, पशुवैद्यक आणि संख्याशास्त्राची पदवीही. एम.एस्सी.च्या टप्प्यावर दोन अभ्यासक्रम मुद्दाम सांगण्यासारखे आहेत, कारण अनेक प्राध्यापकांनाही त्यांची नावे ठाऊक नसतात. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची दोन वर्षांची एम.एस्सी. होते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न विषाणूशास्त्राची. जागा थोड्या असतात आणि जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येऊन निघून जाते.

पुढे पीएच.डी.साठी मुख्य दार सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे. जीवशास्त्राचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. अ भागात २० पैकी १५ प्रश्न, ब मध्ये ५० पैकी ३५, क मध्ये ७५ पैकी फक्त २५ सोडवायचे. क चा एक प्रश्न ४ गुणांचा आणि चुकीला त्याचा पाव हिस्सा, म्हणजे १ गुण वजा. आपली मुले क भागात मार खातात, कारण तिथे आलेख, जेलचे चित्र आणि प्रयोगाचा निष्कर्ष विचारतात. पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही. ७५ प्रश्न वाचण्यातच वेळ जातो. आपले चार-पाच विषय आधी ठरवून बाकीचे प्रश्न न वाचता ओलांडायची सवय सरावातच लावावी लागते. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार, मग आढावा समितीने मान्यता दिल्यावर ४२ हजार, शिवाय घरभाडे. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते. राज्यातल्या विद्यार्थ्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्याही पाहाव्यात. पण त्यातल्या बहुतेकांसाठी पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली असावी लागते, आणि कोणत्याही अधिछात्रवृत्तीचा हप्ता महिनोन्‌महिने अडू शकतो. सहा महिन्यांचा खर्च कुठून भागेल याचा विचार आधीच केलेला बरा. खेड्यातून आलेली हुशार मुले अभ्यासाअभावी हे क्षेत्र सोडत नाहीत, ती अशा वेळी खोलीचे भाडे थकले म्हणून सोडतात.

नेट नाही झाली तर प्रकल्पावरच्या नोकऱ्या आहेत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या संस्थांमध्ये 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट' आणि 'प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट' अशा नावांनी त्या निघतात, थेट मुलाखतीने भरतात. शिकायला उत्तम, पण रुजू होण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रकल्पाचे किती महिने उरले? त्या मुदतीचा निधी मंजूर आहे की यायचा आहे? आणि काम छापले गेले तर लेखकांत नाव येईल का? तिसरा प्रश्न विचारताना संकोच वाटतो. तरी विचारावा.

इथपर्यंतचे कुणीही सांगेल. आम्हाला मुख्यतः लिहायचे आहे ते हाताच्या कसबाविषयी, कारण मुलाखतीला येणारे अनेक उमेदवार पीसीआरचे (डीएनएच्या प्रती वाढवून करायच्या तपासणीचे) सिद्धांत घडाघडा सांगतात आणि समोर ठेवलेली रक्ताची स्लाइड त्यांना वाचता येत नाही.

स्लाइडची गोष्ट साधी वाटते, पण तिची प्रत्येक पायरी बिघडू शकते. बोटाला लावलेले स्पिरिट वाळले नसेल तर रक्त पसरते आणि पेशी फुटतात. काचेवर रक्ताचा एक जाड आणि एक पातळ थर घेतात. जाड थर सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा असावा, आणि तो ओला असताना खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे जेमतेम वाचता यावीत. त्याहून जाड झाला तर धुताना पापुद्रा सुटून येतो. पातळ थर मिथेनॉलने पक्का करतात, जाड थर कधीच नाही, कारण जाड थरातले हिमोग्लोबिन पाण्यात उतरून जायला हवे. एकाच काचेवर दोन्ही थर असतील तर मिथेनॉलचा ओघळ जाड थरावर जातो, तिथले हिमोग्लोबिन गोठते आणि ती स्लाइड वाया जाते. म्हणून मिथेनॉलमध्ये बुडवताना पातळ थराची बाजू खाली, आणि वाळवतानाही तशीच. उकाड्यात जाड थर आपोआप पक्का होतो, त्यामुळे स्लाइड दोन-तीन दिवसांत रंगवावी. पावसाळ्यात वाळायला उशीर होतो, बुरशी चढते, मुंग्या आणि झुरळे रक्त खाऊन टाकतात. डबा झाकलेला हवा.

रंगवताना बहुतेक चुका पाण्याच्या असतात. जिम्सा या रंगद्रव्याचे द्रावण ७.२ सामू असलेल्या बफर पाण्यात करायचे. नळाचे पाणी वापरले आणि ते आम्लधर्मी असले तर पेशी लालसर होतात आणि व्हायवॅक्सबाधित पेशीवरचे शफनरचे ठिपके उमटत नाहीत. मग व्हायवॅक्सला फाल्सिपेरम समजले जाते आणि त्या रुग्णाच्या औषधाची दिशाच बदलते : व्हायवॅक्सला यकृतातल्या अवस्थेसाठी प्रायमाक्विन १४ दिवस द्यावे लागते, फाल्सिपेरमला त्याचा एकच डोस. ३ टक्के द्रावणात पाऊण ते एक तास, १० टक्के द्रावणात १० मिनिटांच्या आसपास. पातळ केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे; शिळ्या द्रावणातले रंगाचे कण परोपजीवीसारखे दिसतात आणि नवशिक्याला हमखास फसवतात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरतात ते जेएसबी रंगद्रव्य, जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांचे. स्वस्त आणि मिनिटाभरात रंगणारे. ते भारतात बनले, भारतात चालते, आणि तरीही एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने त्याचे नावही ऐकलेले नसते.

'निगेटिव्ह' म्हणण्याआधी तेलाच्या १०० एक्स भिंगाखाली जाड थराची किमान १०० क्षेत्रे पाहायची. नीट पाहिले तर एका स्लाइडला आठ-दहा मिनिटे जातात, म्हणजे दिवसाला शेकडो स्लाइड 'तपासल्या' असा आकडा दिसला की त्यावर संशोधन उभे करू नये. संख्या मोजताना २०० पांढऱ्या पेशींमागे परोपजीवी मोजतात, शंभराहून कमी निघाले तर ५०० पेशींपर्यंत जातात. एका मायक्रोलिटर रक्तात ८००० पांढऱ्या पेशी धरतात; ५०० पांढऱ्या पेशींमागे ४० परोपजीवी सापडले, तर ४० गुणिले ८००० भागिले ५००, म्हणजे एका मायक्रोलिटरला ६४०. दोन वाचकांच्या आकड्यांत २५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसऱ्याने वाचायची, आणि आधीच्या दोघांचे आकडे त्याला कळू द्यायचे नाहीत. औषध-परिणामाच्या अभ्यासाचा सगळा डोलारा या मोजणीवर उभा असतो. जनुकीय तपासणीचे यंत्र कितीही महागाचे असले तरी रुग्ण अभ्यासात घ्यायचा की नाही हे आधी स्लाइड ठरवते.

पीसीआरसाठी गाळणकागदावर रक्ताचे ठिपके घेतात. तेही सावलीत, एकमेकांवर न ठेवता, तीन-चार तास तरी वाळवायचे. जुलैत भामरागडला त्यासाठी रात्रभर लागते. मग प्रत्येकाला वेगळी पिशवी आणि आत सिलिका जेलची पुडी. पुडी निळ्याची गुलाबी झाली की बदलायची. ओल राहिली तर बुरशी येते, डीएनए तुटतो, आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो. तो खोटा आहे हे नंतर कोणत्याही यंत्राला कळत नाही.

डासांचे काम याहून कमी लोक करतात, म्हणून तिथे माणसांची चणचण सर्वांत जास्त. पहाटे घराघरांत टॉर्च आणि तोंडाने ओढायची नळी घेऊन भिंतींवरचे डास पकडायचे आणि एका माणसाने एका तासात किती पकडले त्यावरून घनता काढायची. जाती ओळखायला पंखांवरचे ठिपके, सोंडेशेजारचे स्पर्शक, पायांवरचे पट्टे वाचावे लागतात. डास दाबला गेला, खवले झडले, की ओळख गेली. कीटकनाशकाला डास दाद देतो का, याची चाचणी ठरलेली आहे : तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यालेल्या माद्या, एका नळीत २० ते २५, औषध लावलेल्या कागदाशी एक तास, मग साखरपाणी देऊन २४ तासांनी मोजणी. डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा कागद ०.०५ टक्क्यांचा. ९८ टक्के किंवा जास्त मेले तर डास संवेदनशील, ९० च्या खाली तर प्रतिकार पक्का. साध्या कागदावरच्या नियंत्रण गटातले २० टक्क्यांहून जास्त मेले तर सगळा प्रयोग बाद. आणि तो बाद होतो तो बहुधा प्रयोगशाळेत नव्हे, तर जीपमध्ये. दुपारच्या उन्हात डासांचे पिंजरे ओल्या टॉवेलने न झाकता आणले की अर्धे डास वाटेतच अर्धमेले होतात. फ्रिजमधला कागद गार असतानाच वापरणे आणि एकच कागद सहापेक्षा जास्त वेळा वापरणे, या आणखी दोन नेहमीच्या चुका.

डास पाळायचे तर २७ अंशांच्या आसपास तापमान आणि ७५ टक्क्यांच्या जवळपास आर्द्रता. अळ्यांना कुत्र्याचे बिस्कीट आणि यीस्ट कुटून घालतात. जास्त पडले की पाण्यावर साय धरते आणि ट्रेच्या ट्रे मरतात. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या नसतील तर मुंग्या एका रात्रीत वसाहत संपवतात. रविवार-दिवाळी नाही, अळीला रोज पाहावे लागते. स्टेफेन्साय लहान पिंजऱ्यातही मीलन करतो म्हणून प्रयोगशाळांत तोच दिसतो. फ्लुव्हिएटिलिस पाळणे फार कठीण, म्हणून जंगलातल्या हिवतापाविषयी आपले ज्ञान अजून तोकडे आहे. नव्या संशोधकाला यात मोठी जागा आहे.

परोपजीवीच्या संवर्धनाविषयी थोडक्यात. १९७६ पासून फाल्सिपेरम मानवी लाल पेशींत सतत वाढवता येतो : आरपीएमआय १६४० माध्यम, ३७ अंश, कमी ऑक्सिजन, ४८ तासांचे चक्र. व्हायवॅक्सचे असे सतत संवर्धन अजून जमलेले नाही, कारण त्याला कोवळ्या लाल पेशी लागतात. म्हणून व्हायवॅक्सवर काम करायचे असेल तर रुग्णांच्या जवळ राहणारी संस्था निवडावी.

यातूनच पीएच.डी.च्या नियोजनाचा मुद्दा येतो, आणि तो मार्गदर्शकही अनेकदा उशिरा सांगतात. आपल्याकडे हिवतापाचा हंगाम साधारण जुलै ते नोव्हेंबर. पाच वर्षांच्या अधिछात्रवृत्तीत पहिले वर्ष अभ्यासक्रमात जाते, शेवटचे लिहिण्यात; हातात राहतात जेमतेम तीन पावसाळे. नैतिकता समितीची मंजुरी ऑगस्टमध्ये आली तर त्यातला एक गेला. म्हणून प्रस्ताव जानेवारीत तयार हवा, फेब्रुवारीत समितीकडे, आणि त्रुटी दुरुस्त होऊन मे अखेर मंजुरी हातात. परदेशी निधी किंवा परदेशी सहकारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी वेगळी, तिला आणखी काही महिने धरा. औषधांच्या चाचणीची सीटीआरआय या राष्ट्रीय चाचणी-नोंदवहीत नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी व्हावी लागते, नंतर केलेली चालत नाही. संमतीपत्र गडचिरोलीत मराठीत छापून भागत नाही. ते माडियात किंवा गोंडीत वाचून दाखवणारा, त्याच गावाचा साक्षीदार लागतो, आणि सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची होकारार्थी संमती पालकांच्या संमतीबरोबरच वेगळी घ्यावी लागते. माणसे रक्त देतात ते विश्वासावर. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष त्याच भाषेत गावाला सांगायला गेले पाहिजे, आणि त्या प्रवासाचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच मागितला पाहिजे.

संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी शिकावे. एका गावातल्या शंभर माणसांचा हिवताप हा शंभर स्वतंत्र आकड्यांसारखा नसतो, कारण त्यांचे डास एकच. नमुन्याचा आकार माणसांवर काढला आणि मच्छरदाण्या गावांना वाटल्या, अशी चूक झाली की शेवटी कोणताही हिशेब ती दुरुस्त करू शकत नाही.

हिवतापातले हे कसब इतर आजारांतही चालते. सिंधुदुर्गात दोडामार्गला २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली, त्याच्या गोचिड्या पांढरे कापड जमिनीवरून ओढून गोळा करतात. चंडीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपुरातल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संस्थेने शोधला; त्याच्या वालुमाशीवर काम करणारे आजही मोजकेच आहेत.

महाविद्यालयांसाठी एक सूचना करून थांबतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा हिवताप अधिकाऱ्याचे कार्यालय आणि प्रयोगशाळा असते. प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना पावसाळ्यातला एक महिना तिथे बसवण्यासाठी रीतसर पत्र द्यावे, आणि तपासून झालेल्या पॉझिटिव्ह स्लाइड शिकवण्यासाठी मागाव्यात. रुग्णाचे नाव पुसून फक्त क्रमांक ठेवायचा, तेल झायलीनने काढायचे, डीपीएक्स हा चिकटद्रव लावून कव्हरस्लिप बसवायची, एक दिवस आडवी वाळवून बंद डब्यात अंधारात ठेवायची. अशी स्लाइड बरीच वर्षे टिकते. ५० पॉझिटिव्ह आणि ५० निगेटिव्ह स्लाइडचा एक संच, १०० एक्स भिंगाचा एक सूक्ष्मदर्शक, आणि उत्तरांची यादी फक्त शिक्षकाकडे, एवढ्यावर सरावाला सुरुवात होते. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी रक्तबिंबिकांनाच (प्लेटलेट्सना) परोपजीवी म्हणतात. रोज दहा स्लाइड पाहिल्या तर महिनाअखेर ते म्हणणे बंद होते.

कळावे,
आपले,
कीटकजन्य आजारांच्या संशोधनात आणि अध्यापनात काम करणारे काही जण